व्हॅनसाठी काढता-घालता येणारा टो बार: सोलापुरातील वापरानंतरचा अभिप्राय

आमचा व्यवसाय टॉवेल आणि चादरींचा असून गावोगावच्या प्रदर्शनांना जाताना मालाचे गठ्ठे व्हॅनमध्ये आणि स्टॉलचे लोखंडी सांगाडे, टेबले व जनरेटर मागच्या लहान ट्रेलरवर अशी विभागणी आम्ही करतो. त्या ट्रेलरसाठी आम्ही अक्कलकोट रोडवरील एका वर्कशॉपमधून व्हॅनला काढता-घालता येणारा टो बार, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे बसवायचा जोड, बसवून घेतला आणि प्रदर्शनांचा सगळा हंगाम तो वापरला. वस्तू चांगली आहे, काम चोख झाले आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर आम्ही हीच रचना घेऊ. तथापि दुकानात ज्या गोष्टींकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, त्याच गोष्टींवर या वस्तूची सुरक्षितता अवलंबून असते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

कायमचा जोडलेला हूक स्वस्त पडतो; मग काढता येणारा कशासाठी, असा प्रश्न आम्हालाही अनेकांनी विचारला. चाटी गल्लीसारख्या ठिकाणी व्हॅन मागे घेताना बंपरच्या बाहेर आलेला, ट्रेलर अडकवायचा लोखंडी बॉल दुचाकीस्वारांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या नडगीच्या उंचीवर असतो. रिव्हर्स सेन्सर त्यालाच अडथळा समजून सतत वाजत राहतो आणि काही व्हॅनवर तर तो मागची नंबरप्लेटही झाकतो. शिवाय मागून कोणी धडकले तर तो धक्का बंपरमध्ये न जिरता थेट चॅसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला जातो. ट्रेलर नसताना बॉल काढून ठेवता येणे ही चैन नाही, रस्त्यावरच्या इतरांविषयीची जबाबदारी आहे, असे माझे मत आहे.

काढता येणाऱ्या टो बारचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. युरोपीय पद्धतीत हंसाच्या मानेसारखा वळलेला दांडा चॅसिसखालच्या खोबणीत ढकलला की आपोआप अडकतो. बहुतेक बनावटींत फिरवायच्या चकतीवर लाल-हिरवी खूण असते, कुलूप असते आणि दांडा नीट बसल्याशिवाय किल्ली बाहेर येत नाही. दुसऱ्या, अमेरिकी पद्धतीत गाडीखाली दोन इंची चौकोनी नळी पक्की बसवलेली असते, तिला रिसीव्हर म्हणतात. तिच्यात बॉलचा दांडा सरकवून आडवी पिन घालायची आणि पिनच्या टोकाला क्लिप लावायची. पहिला प्रकार अधिक देखणा आणि निःसंशय अधिक हुशार आहे, पण आमच्या व्हॅनसाठी तयार जोड उपलब्ध नव्हता, आणि दुसऱ्या गाडीचा जोड कापून-जोडून बसवणे आम्हाला मान्य नव्हते. म्हणून आम्ही रिसीव्हरचा प्रकार घेतला.

या प्रकारात दांडा अडकला की नाही हे सांगणारी कोणतीही खूण नसते. ते माणसालाच पाहावे लागते, आणि म्हणून निवड करताना माझा पहिला निकष असा की जे तपासायचे आहे ते गाडीखाली न शिरता डोळ्यांना दिसले पाहिजे आणि हाताला लागले पाहिजे. वर्कशॉपने दाखवलेल्या एका नमुन्यात नळी बंपरच्या इतकी आत होती की पिनचे पलीकडचे टोक पाहण्यासाठी जमिनीवर पाठ टेकावी लागत होती. भल्या पहाटे, अंधारात, माल भरण्याच्या घाईत असे कोणी करत नाही. आम्ही घेतलेल्या रचनेत वाकून पाहिले की पिनची दोन्ही टोके दिसतात. पिन एका बाजूने शिरते, नळीची भिंत, आतला दांडा आणि पलीकडची भिंत ओलांडून बाहेर येते, आणि बाहेर आलेल्या टोकावरच्या खाचेत क्लिप बसते. पिन दांड्याच्या छिद्रातून न जाता त्याच्या मागून गेली, तरी बाहेरून ती तितकीच नीट बसलेली दिसते. म्हणून क्लिप लावल्यावर दांडा दोन्ही हातांनी जोराने मागे ओढून पाहावा. दोन इंची नळीसाठी पिन पाच अष्टमांश इंचाची, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटरची लागते. तिच्या जागी घरातला एखादा बोल्ट घालणे हा जिवाशी खेळ आहे. आम्ही साध्या क्लिपऐवजी कुलपाची पिन घेतली, त्यामुळे मुक्कामी चोरीचीही काळजी राहिली नाही.

बॉलच्या मापाचा घोळ आपल्याकडे विशेष आहे, कारण बाजारात युरोप आणि अमेरिका दोन्हीकडची मापे फिरतात. युरोपीय बॉल 50 मिलिमीटरचा असतो, तर अमेरिकी दोन इंची बॉल 50.8 मिलिमीटरचा. दोन इंची बॉलवर 50 मिलिमीटरचा कपलर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांडीच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी, पूर्ण उतरत नाही, म्हणून त्याची खिट्टी नीट लागत नाही. उलट जोडीत कपलर बसतो, पण सैल राहतो आणि खड्ड्यात उसळतो. माप बॉलच्या माथ्यावर किंवा मानेवर कोरलेले असते. ते वाचावे, कपलरवरचे वाचावे, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. युरोपीय बॉल झिजून 49 मिलिमीटरच्या खाली गेला की तो बदलायचा असतो. त्यासाठी वर्कशॉपमधला व्हर्नियर मापक पुरेसा आहे.

ताकदीविषयी बोलताना आपल्याकडे लोखंडाच्या जाडीकडे बोट दाखवले जाते. एका फॅब्रिकेटरने आम्हाला जाडजूड पट्टी चॅसिसला वेल्ड करून त्यावर बॉल बसवून देतो, ट्रकसुद्धा ओढेल, असे सांगितले. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने चॅसिसचे पोलाद त्याच जागी कमकुवत होऊ शकते आणि अशा जोडाची कोणीही चाचणी घेतलेली नसते. खऱ्या टो बारवर माहितीची छोटी पट्टी असते आणि तिच्यावर मर्यादा लिहिलेल्या असतात. युरोपीय नियम 55 प्रमाणे मान्यता असलेल्या वस्तूवर डी आणि एस ही दोन मूल्ये असतात. एस म्हणजे बॉलवर उभा पडणारा भार आणि डी म्हणजे व्हॅन व ट्रेलर यांच्यातील आडव्या ओढीचे बल. डी काढण्यासाठी व्हॅन आणि ट्रेलर यांच्या टनांतील कमाल वजनांचा गुणाकार त्यांच्या बेरजेने भागून 9.81 ने गुणतात. साडेतीन टनांची व्हॅन आणि 750 किलोंचा ट्रेलर असेल तर उत्तर सुमारे 6.1 किलोन्यूटन येते. ट्रेलर दीड टनाचा केला तर तेच 10.3 होते. पट्टीवरचा आकडा याहून मोठा हवा. आणि हे सगळे जमले तरी व्हॅनच्या कंपनीने ओढण्यासाठी घातलेली मर्यादा शेवटची मानायची. हँडबुकात ती नसेल तर कंपनीकडून लेखी मागवावी.

आमच्या वर्कशॉपचे कौतुक इथेच करायचे आहे. त्यांनी चॅसिसला नवे छिद्र न पाडता असलेल्या छिद्रांत बोल्ट बसवले, ते उत्पादकाच्या कागदावरील आकड्यानुसार टॉर्क रेंचने आवळले, आणि थोडे चालवून गाडी परत आणायला सांगून पुन्हा तपासले. दिव्यांची जोडणीही व्हॅनच्या मूळ वायरी न कापता रिलेमधून केली.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते बॉलवरच्या भाराकडे. युरोपात लहान ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के भार बॉलवर असावा असे मानतात, अमेरिकेत 10 ते 15 टक्के. आपल्या पट्टीवरची मर्यादा ओलांडायची नाही हे दोन्हीकडे समान आहे. भार फार कमी पडला तर ट्रेलर वेगात डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो. जास्त पडला तर वेगळीच अडचण येते, कारण व्हॅनचा बॉल मागच्या चाकांपासून बराच मागे असतो. व्हॅनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोड्यांत तीन मीटर अंतर आणि बॉल मागच्या जोडीपासून 1.2 मीटर मागे असेल, तर बॉलवरचे 50 किलो मागच्या चाकांवर 70 किलो होऊन पडतात आणि पुढच्या चाकांवरून 20 किलो उचलले जातात. स्टिअरिंग तेवढे हलके लागते. आम्ही भरलेला ट्रेलर बाजार समितीजवळच्या भुईकाट्यावर सोडून एकूण वजन घेतले. बॉलवरचा भार मात्र तिथे नेमका कळत नाही. त्यासाठी सपाट जागेवर साध्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून कपलर बॉलच्याच उंचीला त्यावर टेकवला. जनरेटर ट्रेलरच्या मागच्या टोकाकडून चाकांच्या किंचित पुढे सरकवल्यावर आकडा जागेवर आला, आणि पुणे महामार्गावर अवजड वाहने शेजारून जाताना जाणवणारे झुलणे थांबले.

कपलर बसल्यावर ट्रेलरच्या पुढच्या जॉकी चाकाचा, म्हणजे दांडीला आधार देणाऱ्या लहान चाकाचा, हँडल फिरवून ट्रेलरची दांडी वर उचलावी. व्हॅनची मागची बाजू बॉलबरोबर वर येऊ लागली तर कपलर खरोखर अडकला आहे. ट्रेलरच्या सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून लावाव्यात, म्हणजे जोड सुटला तरी दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांवर झेलली जाते. त्या चॅसिसला पक्क्या असलेल्या कड्यांत अडकवाव्यात, काढता येणाऱ्या दांड्यात कधीही नव्हे. तोच दांडा निसटला तर साखळीही त्याच्याबरोबर जाईल. तुळजापूरचा घाट उतरताना आम्ही आधीच खालचा गिअर घेतो. ट्रेलर झुलू लागलाच तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडतो, जोराचा ब्रेक मारत नाही.

सोलापूरच्या धुळीत ग्रीसविषयी सावध राहावे लागते. ग्रीसमध्ये अडकलेली धूळ लोखंड घासून काढते, म्हणून आधी जुने ग्रीस पुसून मगच नवे, तेही पातळ, लावावे. घर्षणाच्या पट्ट्या असलेला झुलणे रोखणारा कपलर असेल तर बॉल पूर्ण कोरडाच ठेवावा लागतो. काढलेला दांडा व्हॅनमध्ये सुटा टाकू नये, कारण अचानक ब्रेक लागला की तो पुढे भिरकावला जातो. आम्ही तो जाड पिशवीत घालून मजल्यावरच्या कडीला बांधतो आणि रिसीव्हरच्या तोंडावर रबरी टोपण लावतो.

कागदपत्रांकडेही तितकेच लक्ष द्यावे. मोटार वाहन कायदा 1988 च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी लागते आणि विमाही. कायद्याचे कलम 52 नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करते, म्हणून बसवण्याआधी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

आमच्या तक्रारी तीन आहेत. दांडा नळीत किंचित सैल असल्यामुळे खराब रस्त्यावर खडखडतो. आवळपट्टी लावल्यावर आवाज गेला, पण ती सोबतच मिळायला हवी होती. पिनच्या छिद्राभोवतीचा रंग पहिल्या पावसातच उडून गंज दिसू लागला. सूचनापत्रक फक्त इंग्रजीत आहे, आणि प्रत्यक्ष ट्रेलर जोडणारा आमचा चालक मराठी व कन्नड वाचतो. आम्ही जोडणीचा क्रम मराठीत लिहून मागच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. वेल्ड केलेल्या हुकाच्या जवळपास दुप्पट खर्च आला. ज्यांना वर्षातून एखाद्या वेळीच ट्रेलर लागतो त्यांनी टेम्पो भाड्याने घेणे परवडेल. ज्यांना तो सतत लागतो, व्हॅन जड भार घेणारी आहे आणि कंपनीची मर्यादा लेखी हातात आहे, त्यांनी हा घ्यावा.