चुण्या नकोत तर मागे काय लावावं: फाडायचा पेपर की कापायचा?

भरतकामाच्या सिंगल हेड मशीनवर बसणाऱ्याला रिंग, म्हणजे कापड धरणारी चौकट, कशी कसायची हे सांगायला नको. अडतं ते कापडामागच्या पेपरवर. फाडायचा पेपर भरून झाल्यावर हाताने फाडून काढतात; कापायचा डिझाइनभोवती कातरीने कापतात, बाकीचा मागे तसाच राहतो. वडगावातल्या माझ्या दुकानात दोन्ही प्रकारचे रोल असतात, आणि दोन्हींचा आपापला उपयोग आहे.

खणाच्या ब्लाउजवर बारीक बुट्टा किंवा जाड कॉटनच्या पिशवीवर नाव असेल तर मी आजही फाडायचाच लावतो. खणाची वीण घट्ट, त्यामुळे कापड स्वतःच तग धरतं. शिवाय पेपर निघून गेला की मागून अंगाला काही टोचत नाही. काम झटपट होतं, लग्नसराईत ते मोलाचं.

होजिअरीवर, म्हणजे टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडावर, मात्र त्याने मला फसवलं. एका गणपती मंडळाचे टी-शर्ट होते. छातीवर ठसठशीत सॅटिनची (शेजारीशेजारी आडव्या भरीव टाक्यांची) अक्षरं, मागे फाडायच्या पेपरचे दोन थर. मशीनवरून उतरले तेव्हा बघत राहावेत असे. विसर्जनानंतर एक पोरगा शर्ट घेऊन आला. "काका, एकदाच धुतलाय, अक्षरं गोळा झाली की हो." खरंच, अक्षरांभोवतीचं कापड पापडाच्या काठासारखं उचललं होतं. ते मला फार लागलं, कारण चूक माझ्या हातून झाली होती आणि शर्ट घरोघरी पोचले होते.

सॅटिनच्या कडेला सुई एकाच रेषेत टोचत राहते. तिथे पेपरला भोकांची रांग पडते आणि डिझाइन संपायच्या आतच त्याची पकड जाते. पॉलिएस्टर दोरा मशीनच्या वेगात ताणलेला असतो, तो नंतर आखडतो. मागे धरून ठेवणारं काही नसलं की कापड त्याच्याबरोबर ओढलं जातं. कापायचा पेपर शर्ट फाटेपर्यंत मागे राहतो, पन्नास धुण्यांनंतरसुद्धा.

त्याचे त्रासही आहेत. प्रत्येक नगामागे कातरीचं काम, आणि पांढऱ्या पातळ कापडातून चौकोन दिसतो. मी अर्धा सेंटीमीटर सोडून गोल कापतो. लहान मुलांच्या कपड्याला त्या पेपरवरून मऊ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावतो.

नुसता पेपर बदलून सगळं मिटत नाही, हेही खरं. होजिअरी रिंगमध्ये ताणून बसवली तर ती सोडल्यावर चुण्या येणारच. ती पेपरला चिकटवून सैल ठेवावी. सुई ७५ नंबरची, बॉलपॉइंट. डेन्सिटी, म्हणजे टाक्यांमधलं अंतर, ०.४० मिलिमीटरची ०.४५ केली तरी माझ्या अनुभवात फरक पडतो. सॅटिनच्या मागे मधोमध एक तृतीयांश रुंदीत बॉबिनचा (खालचा) दोरा दिसला की दोऱ्याचं टेन्शन बरोबर समजा.

तुमच्याकडे खण-कॉटनच जास्त येत असेल तर फाडायच्या पेपरवर निभेल कदाचित. पण एकच रोल परवडत असेल तर मी कापायचा घेईन. त्या मंडळाचे पुढच्या वर्षीचे शर्ट त्याच्यावर केले. परवा तोच पोरगा तो शर्ट घालून दुकानासमोरून गेला. अक्षरं सपाट होती.