ब्लेंडर ४.२ : घरच्या लॅपटॉपवर ॲनिमेशन करताना आलेला अनुभव

एकट्याने, घरच्या लॅपटॉपवर थ्रीडी ॲनिमेशनपट तडीस न्यायचा असेल, तर आज ब्लेंडर या सॉफ्टवेअरइतके सोयीचे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. हे मत पहिल्या आठवड्याच्या उत्साहातून आलेले नाही. कोकणातल्या एका कौलारू घरावर आणि तिथल्या पावसावर बेतलेला छोटा ॲनिमेशनपट करताना त्याची ४.२ ही आवृत्ती मी गेले कित्येक महिने जवळजवळ रोज वापरत आहे, आणि या काळात तिचे गुण जितके पटले तितक्याच तिच्या मर्यादाही नेमक्या कुठे आहेत हे कळले. माझ्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आणि ६ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड आहे. पुढचे सगळे म्हणणे याच क्षमतेच्या यंत्रापुरते समजावे. जुलै २०२४ मध्ये आलेली ४.२ मुद्दाम निवडली, कारण या आवृत्तीला दोन वर्षे दुरुस्त्या मिळत राहतील असे आधीच जाहीर केलेले होते. काम अर्ध्यावर असताना आवृत्ती बदलली तर ॲड-ऑन (वरून जोडलेल्या जादा सोयी) बंद पडतात आणि सगळी घडी विस्कटते.

सर्वात मोठा फायदा रेंडरिंगमध्ये, म्हणजे रचलेल्या दृश्यातून अंतिम चित्रे तयार करण्यात, आहे. ब्लेंडरमध्ये दोन मुख्य रेंडर इंजिने मिळतात : प्रकाशकिरणांचा माग काढत हिशेब करणारे सायकल्स, आणि व्हिडिओ गेमच्या पद्धतीने झटपट चित्र उभे करणारे ईव्ही. सेकंदाला २४ फ्रेम (एकेक स्थिर चित्र) धरल्या तर दहा सेकंदांच्या शॉटमध्ये २४० फ्रेम होतात. सायकल्सला एका फ्रेमला दोन मिनिटे लागली तर तो शॉट आठ तास घेतो, आणि ईव्हीला तीन सेकंद लागले तर बारा मिनिटांत हातावेगळा होतो. या फरकाने कामाची रीतच बदलते. कंदिलाचा उजेड जरा पिवळा केला तर ओसरी कशी दिसेल, हे रात्रभर न थांबता लगेच पाहता येते, आणि म्हणून माणूस दहा पर्याय करून पाहतो. २०२४ चा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरमध्येच तयार झाला, ईव्हीवर रेंडर झाला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तेव्हा ईव्हीला केवळ कच्च्या कामाचे इंजिन म्हणून बाजूला ठेवणे मला मान्य नाही.

तरीही ४.२ मध्ये नव्याने लिहिलेल्या ईव्हीची एक मर्यादा माझ्या दृश्यात सतत आडवी आली. ईव्हीचे रे-ट्रेसिंग, म्हणजे किरणांचा माग काढून प्रतिबिंबे दाखवणे, पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींपुरतेच चालते. अंगणातल्या डबक्यात घराची पागोळी आणि वळचण दिसावी अशी रचना होती. कॅमेरा खाली झुकला आणि वळचण चौकटीबाहेर गेली की तिचे प्रतिबिंबही डबक्यातून नाहीसे होई. त्यावर उपाय आहे : डबक्याच्या पातळीवर प्लेन (सपाट) प्रकारचा लाइट प्रोब, म्हणजे आसपासचे दृश्य टिपून प्रतिबिंबासाठी पुरवणारा घटक, ठेवला की सपाट पाण्यापुरते प्रतिबिंब नीट येते. मात्र घागरीसारख्या गोलसर पृष्ठभागासाठी तो उपयोगी पडत नाही, तिथे स्फिअर (गोल) प्रोबवर भागवावे लागते आणि त्यात बारकावा कमी येतो. असे मोजके शॉट मी सायकल्सवरच केले. मोठी फाइल उघडल्यावर शेडर (पृष्ठभागाचे रूप ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होईपर्यंत थांबावे लागते, हाही या आवृत्तीतला नित्याचा खोळंबा आहे.

सायकल्सवर जाताना ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा हिशेब आधी करावा. ४०९६ × ४०९६ पिक्सेलचे एक रंगीत टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचे चित्र) मेमरीत साधारण ६४ एमबी जागा घेते, मग त्याची जेपीईजी फाइल कितीही लहान असो. भिंत, जमीन, लाकूड, झाडे अशा प्रत्येक मटेरिअलला तीन-चार टेक्स्चर लावली की ६ जीबी बघता बघता भरतात. निम्म्या आकाराचे टेक्स्चर घेतले की जागा एक चतुर्थांश लागते, आणि मागच्या फणसाच्या झाडाला त्याहून जास्त कशाचीही गरज नसते. रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये न करता पीएनजी फ्रेमच्या मालिकेत करावा. मध्येच वीज गेली तर राहिलेल्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येते.

मॉडेलिंगमध्ये, म्हणजे वस्तूंचे आकार घडवताना, मला सर्वाधिक आनंद जिऑमेट्री नोड्सनी दिला; यात नोड नावाचे ठोकळे एकमेकांना जोडून आकार नियमांनी तयार करता येतात. मंगलोरी कौलांचे छप्पर हाताने रचणे हे कंटाळवाणे काम आहे आणि तसे रचलेले छप्पर फार नीटनेटके, म्हणून खोटे दिसते. मी एकच कौल घडवले, छपराच्या उतारावर बिंदूंची जाळी घेतली, ‘इन्स्टन्स ऑन पॉइंट्स’ नोडने प्रत्येक बिंदूवर ते कौल बसवले आणि ‘रँडम व्हॅल्यू’ने प्रत्येकाला अगदी किंचित वेगळा कल दिला. दोन पावसाळे काढलेले छप्पर तेवढ्याने उभे राहिले. उतार बदलायचा तर एक आकडा बदलायचा, आणि सगळी कौले एकाच मूळ आकाराच्या प्रती असल्याने मेमरीवर फारसा भार पडत नाही.

हालचालीचे काम मात्र कोणतेही सॉफ्टवेअर सोपे करून देत नाही. दोन कीफ्रेमच्या (वस्तूची जागा आपण ठरवून दिलेल्या क्षणांच्या) मध्ये ब्लेंडर आपोआप बेझिअर वक्र टाकतो, म्हणजे वस्तू हळू सुरू होते आणि हळू थांबते. हातातून निसटलेला तांब्या जमिनीला टेकण्याआधी मंदावला, तर तो रिकाम्या कागदासारखा हलका वाटतो. हे वक्र जिथे बदलता येतात त्या ग्राफ एडिटरमध्ये जाऊन आदळण्याच्या कीफ्रेमपाशी वक्र तीव्र उताराचा आणि टोकदार केला की तांब्याला वजन येते. ज्याला हा एडिटर आवडणार नाही त्याने ॲनिमेशनकडे वळू नये, इतके माझे मत ठाम आहे.

पात्रांना हलवण्यासाठी हाडांचा सांगाडा तयार करून देणारे, ब्लेंडरसोबतच येणारे रिगिफाय चांगले आहे. कोणत्या हाडाबरोबर कोणता भाग किती हलावा हे आपोआप ठरवणारे ‘ऑटोमॅटिक वेट्स’ सदरा-धोतराच्या आजोबांना बऱ्यापैकी लागू पडले. आजीच्या लुगड्यावर ते पार कोलमडले, कारण निऱ्यांचा काही भाग डाव्या पायाच्या हाडाला आणि काही उजव्या पायाला बांधला गेला आणि पाऊल टाकताच कापड मधोमध ताणले जाऊ लागले. निऱ्यांचे वेट्स हाताने रंगवणे हाच मार्ग उरतो.

पैशाचा प्रश्न नाही : २००२ मध्ये लोकवर्गणीतून सुमारे एक लाख युरो जमवून ब्लेंडरचा कोड मुक्त करण्यात आला, आणि आपण केलेला चित्रपट पूर्णपणे आपलाच राहतो, विकला तरी. नोकरीच्या दृष्टीने शिकणाऱ्यांनी मात्र ब्लेंडरच्या जोडीने ‘माया’ हे थ्रीडी सॉफ्टवेअरही शिकावे, कारण मोठ्या स्टुडिओंची कामाची साखळी अजून बऱ्याच ठिकाणी त्यावरच बांधलेली आहे.

माझी खरी तक्रार देवनागरीबद्दल आहे. ४.२ मधल्या टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये मराठी अक्षरे उमटतात, पण जुळत नाहीत : जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. चित्रपटाचे मराठी शीर्षक अशा अवस्थेत दाखवणे मला शक्य नव्हते. म्हणून शीर्षक इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याचे पाथमध्ये (बाह्यरेषांमध्ये) रूपांतर केले, एसव्हीजी या रेखाचित्र-फाइलच्या रूपात ते ब्लेंडरमध्ये आणले, फार बारीक आलेली अक्षरे मोठी केली आणि मग त्यांना जाडी दिली. दिसायला ते उत्तम दिसते, परंतु आता ते अक्षर राहिलेले नसून केवळ आकार आहे, त्यामुळे एक काना बदलायचा झाला तरी हा सगळा उपद्व्याप पहिल्यापासून करावा लागतो.