जुना प्रोसेसर जास्त वेगाने पळवायचा : विंडोजमधून की बायोसमधून?

इंटेलचा जुना कोअर टू ड्युओ ई७५०० घ्या. बस, म्हणजे मदरबोर्डचा मूळ ठोका, २६६ मेगाहर्ट्झ; गुणक, म्हणजे प्रोसेसर त्याच्या किती पट पळतो तो आकडा, ११; म्हणून वेग २.९३ गिगाहर्ट्झ. गुणक वर नेता येत नाही, तेव्हा वाढवायची ती बसच. ३०० केली की ३.३ गिगाहर्ट्झ.

सेटएफएसबीसारख्या सॉफ्टवेअरने हे विंडोज चालू असतानाच होतं. पट्टी थोडी सरकवायची, ताण देऊन बघायचं, पुन्हा सरकवायची. जास्त झालं तर मशीन गोठतं. बंद करून चालू केलं की सहसा मूळ वेग परत. ब्रँडेड डब्यात बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डचा सेटिंग्जचा भाग) बहुधा कुलूपबंद असतो, तिथे हाच मार्ग उरतो. अडचण एकच, पण मोठी: मदरबोर्डवरच्या क्लॉक चिपचा (हा ठोका देणाऱ्या चिपचा) नंबर आधी शोधावा लागतो. तो बारीक अक्षरात असतो, धूळ पुसून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. सॉफ्टवेअरला ती चिप माहीतच नसेल तर विषय संपला.

बायोसमध्ये व्होल्टेज आणि रॅमच्या वेगाचं बसशी प्रमाणही हातात येतं. हे महत्त्वाचं, कारण बस वाढली की ८०० ची रॅमही ९०० वर जाते आणि बऱ्याचदा तीच आधी मान टाकते. मशीन उठलंच नाही तर सीमॉस क्लिअर करायचं, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळ पदावर आणायच्या, बस्स.

कायमचं करायचं तर बायोसच बरा. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा व्होल्टेजला हात लावू नका. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कूलरची वाळलेली पेस्ट बदलणं तर दोन्हीकडे आलंच. उन्हाळ्यात मी सॉफ्टवेअरच वापरीन: गेमपुरता वेग, मग बंद करून चालू.