जुन्या ३०० एमए मशीनवर डीआर पॅनल: पावसाळा आणि द्राक्षहंगाम पार पडल्यानंतरचा अनुभव

"एक्सपोजर वाढवा, इमेज आपोआप सुधारेल." म्हणजे किरण जास्त द्या. पॅनल कंपनीच्या सर्व्हिसच्या माणसाने परवा पुन्हा तेच सांगितलं आणि 'तक्रार मिटली' असं लिहिलेल्या कागदावर सही मागितली. एक्स-रे मी काढतो, मी सही दिली नाही. तक्रार कमरेच्या लॅटरलची, म्हणजे कुशीवर झोपवून बाजूने घेतलेल्या एक्स-रेची होती आणि ती एक्सपोजर वाढवून मिटण्यातली नाही. का, ते नीट लिहून ठेवतो, कारण नाशिकमधली बरीच छोटी हॉस्पिटलं सध्या हेच करायच्या विचारात आहेत: मशीन जुनंच ठेवायचं आणि खाली फक्त डीआर पॅनल, म्हणजे फिल्मऐवजी किरण टिपून इमेज थेट कॉम्प्युटरवर देणारं, नवीन घ्यायचं.

आधी आमचं पॅनल. चौदा बाय सतरा इंचांचं, वायरलेस, किरणांचा उजेड करणारा थर सिझियम आयोडाइडचा. वर आमचं जुनं ३०० एमएचं मशीन (एमए म्हणजे ट्यूबमधला करंट), टेबलात बकी (पॅनलचा ट्रे आणि त्यावर विखुरलेले किरण अडवणारी शिशाच्या रेघांची हलती जाळी, म्हणजे ग्रिड), भिंतीवर स्टँड. हॉस्पिटल हाडांचं. सकाळी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत माल चढवणारे येतात, दुपारी दिंडोरी-निफाडकडच्या एसटीने द्राक्षबागेतली माणसं. छाटणीला मांडवाखाली दिवसभर हात वर आणि मान मागे, काढणीला क्रेट उचलायचे. त्यामुळे आमच्याकडे मान आणि कंबर यांचेच एक्स-रे सगळ्यात जास्त.

सुरुवातीचे दिवस खरोखर आनंदाचे गेले. डार्करूम गेली, सीआरची, म्हणजे वेगळ्या मशीनमध्ये नेऊन वाचावी लागणारी, कॅसेट घेऊन पळापळ गेली. पेशंट टेबलावर असतानाच इमेज समोर. मानेची लॅटरल १८० सेंटिमीटरवरून, दोन्ही हातांत वजनं देऊन, श्वास सोडायला लावून घेतली की सातवा मणका खांद्यांच्या वर स्वच्छ दिसायचा. कमरेची एपी, म्हणजे समोरून घेतलेली, तर इतकी सुंदर, की आमच्या डॉक्टर सरांनी जुन्या फिल्मशेजारी लावून पाहिली. गुडघे वाकवून पाठ टेबलाला टेकवली की मणक्यांमधल्या फटी उघडतात, आणि त्या फटींच्या कडा या पॅनलवर फार नेटक्या येतात.

मग कमरेची लॅटरल. पहिल्या तीन मणक्यांपर्यंत ठीक आणि खाली, एल५-एस१ला (कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यातली जागा), नुसता राखाडी धूर. कंबरदुखीच्या पेशंटमध्ये सरांना पाहायची असते ती नेमकी हीच जागा. मणका पुढे सरकलाय का, शेवटची फट बसलीये का, हे तिथेच कळतं. अंगाने भरलेली बाई किंवा पोट सुटलेला माणूस कुशीवर झोपला की किरणांना कमरेच्या हाडांच्या दोन्ही बाजू पार करून यायचं असतं. तिथे जितके किरण सरळ येतात त्याच्या कितीतरी पट विखुरलेले येतात. धूर दिसतो तो या स्कॅटरचा.

आणि यावर कंपनीचं उत्तर काय, तर एमएएस वाढवा, म्हणजे करंट गुणिले सेकंद, किरणांची संख्या. ९० केव्हीला (केव्ही म्हणजे किरणांचा जोर) हे मशीन मी २०० एमएवरच चालवतो. ०.३ सेकंद म्हणजे ६० एमएएस. त्यांनी सांगितलं ०.६ करा, म्हणजे १२० एमएएस. करून पाहिलं. इमेज किंचित गुळगुळीत झाली हे खरं, पण धूर तसाच. तसाच राहणार! एमएएस दुप्पट केला की कामाचे किरण दुप्पट होतात आणि स्कॅटरही दुप्पट होतो. दोघांचं प्रमाण काडीचंही हलत नाही. इमेजमधले दाणे, म्हणजे रवाळपणा, कमी होतात म्हणून सॉफ्टवेअरला कॉन्ट्रास्ट ओढायला थोडी जागा मिळते, बस. त्याबदल्यात पेशंटच्या अंगात दुप्पट डोस गेला, आणि ज्याची कंबर आधीच दुखतेय त्याने दुप्पट वेळ न हलता पडून राहायचं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांब लिहितोय ती. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, करड्यावर करड्या बारीक अक्षरात, डीआय नावाचा एक आकडा असतो. डीव्हिएशन इंडेक्स. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २००८ साली याचं मानक ठरवलं, त्यामुळे कुठल्याही कंपनीच्या पॅनलवर त्याचा अर्थ एकच. शून्य म्हणजे ठरवलेल्या लक्ष्याइतकं एक्सपोजर पॅनलपर्यंत पोचलं. अधिक तीन म्हणजे साधारण दुप्पट, उणे तीन म्हणजे निम्मं. अधिक एकसुद्धा २६ टक्के जास्त. माझ्या ६० एमएएसला तो शून्याच्या आसपास होता, कंपनीच्या सल्ल्याने अधिक तीन झाला. म्हणजे यांचंच सॉफ्टवेअर यांच्याच माणसाला सांगत होतं की हे दुप्पट आहे, आणि तो आकडा त्याने बघितला नाही. मी बोट ठेवून दाखवला तर म्हणाला, "त्याकडे कोणी लक्ष देत नाही."

फिल्मच्या काळात हे लपत नव्हतं. जास्त दिलं तर फिल्म काळी, कमी दिलं तर पांढरी, आणि चूक लाईटबॉक्सवर सगळ्यांसमोर टांगलेली. डीआरमध्ये सॉफ्टवेअर उजेड स्वतःच सारखा करून दाखवतं. कमी दिलं तर निदान दाणे दिसतात, डॉक्टर कुरकुरतात. जास्त दिलं तर इमेज आणखी देखणी होते आणि कोणीच तक्रार करत नाही. म्हणून हात आपोआप वर-वर जातो आणि महिन्याभरात जास्तीचं एक्सपोजरच नेहमीचं होऊन बसतं. कमरेच्या मणक्यांच्या एक्स-रे तपासणीचा प्रभावी डोस सरासरी १.५ मिलिसिव्हर्ट धरतात आणि छातीच्या एका पीएचा, म्हणजे पाठीकडून घेतलेल्या एक्स-रेचा, ०.०२. पंचाहत्तर छात्यांच्या बरोबरीची तपासणी आहे ही. ती दुप्पट करताना हात थरथरायला हवा. मला टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस मोजणारा) आहे, वर्षाला २० मिलिसिव्हर्टची सरासरी मर्यादा आहे. समोर झोपलेल्या मावशींना ना बॅज आहे ना आखलेली मर्यादा. त्यांच्या बाजूने बोलणारा तो एकच आकडा आहे आणि तो प्रिंटवर येतच नाही.

धूर शेवटी कशाने गेला ते सांगतो. एक रुपयाही लागला नाही.

आमच्याकडे लेड रबरची एक जुनी पट्टी पडून होती. पेशंट कुशीवर झोपला की त्याच्या पाठीमागे, कोलिमेटरच्या (किरणांची चौकट लहान-मोठी करणाऱ्या झडपांच्या) उजेडाची कड जिथे संपते त्याला लागून, ती टेबलावर ठेवायला लागलो. पाठीमागची मोकळी जागा हेच स्कॅटरचं मोठं दार असतं. शिसं ते बंद करतं. कोलिमेटर मणक्याच्या रुंदीपुरता आवळला. कमरेखाली घडी घातलेली चादर, म्हणजे कंबर खाली लोंबत नाही आणि मणके टेबलाला समांतर राहतात. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. "मावशी, श्वास सोडा, थांबवा, हलू नका." एल५-एस१चा वेगळा स्पॉट लागलाच तर इलियाक क्रेस्टच्या (कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या) चार सेंटिमीटर खाली केंद्र. एवढं केल्यावर त्याच ६० एमएएसला शेवटची फट दिसली. सरांनी विचारलं, पॅनल बदललं का?

यात एक अडचण आली आणि तीही पॅनलचीच. आमचं पॅनल मशीनला वायरने जोडलेलं नव्हतं, किरण पडले की ते स्वतः ओळखून जागं व्हायचं. कोलिमेटर आवळला की कधीकधी ते जागंच होत नसे. एक्सपोजर गेलं, इमेज नाही, पेशंटला उगाच दुसरा डोस. यावर तरी नीट उत्तर मिळेल असं वाटलं होतं, तर म्हणे कोलिमेटर उघडा ठेवा, सॉफ्टवेअर बाजूचा भाग कापून टाकतं. सॉफ्टवेअर चित्र कापतं, पेशंटच्या पोटावर पडलेले किरण नाही. डॉक्टरांना नेटकी चौकट दिसते आणि केवढ्या भागावर किरण पडले ते कुणालाच कळत नाही. शेवटी पॅनल मशीनला वायरने जोडून घेतलं आणि तो प्रश्न सुटला. त्या कामाचे वेगळे पैसे लावले, जे मुळात किमतीत धरायला हवे होते.

ग्रिडबद्दल थोडं. सोबत आलेली ग्रिड स्थिर होती आणि तिच्यामुळे इमेजवर पाण्याच्या लाटांसारखे पट्टे यायचे. ग्रिडच्या शिशाच्या रेघा आणि पॅनलचे पिक्सेल यांचं गणित जुळलं नाही की असं होतं. गुस्ताव्ह बकी यांनी १९१३ साली ग्रिड काढली आणि पुढे हॉलिस पॉटर यांनी ती हलती केली, ती रेघा पुसण्यासाठीच. आमच्या टेबलातली हलती बकी चांगली चालत असताना तिच्यावर स्थिर ग्रिड ठेवायचं कारण नव्हतं. पॅनल बकीच्या ट्रेमध्ये सरकवलं, पट्टे गेले. जुनं मशीन विकायला काढणाऱ्यांनी ही बकी आधी पाहावी.

एका बाबतीत माझं मत मात्र पॅनलच्या बाजूने सरकलं. सिझियम आयोडाइडसाठी जे जास्त पैसे गेले ते मला खटकत होते. स्वस्तात गॅडोलिनियमच्या थराचं पॅनल मिळत होतं. सिझियम आयोडाइडचे स्फटिक सुयांसारखे उभे असतात, उजेड बाजूला न पसरता सरळ खाली जातो. हे ब्रोशरमध्ये वाचून पटलं नव्हतं, कमी एक्सपोजरवर काम करताना पटलं. एपीला मी केव्ही ८० वरून ९२ केला आणि एमएएस निम्मा. पंधरा टक्क्यांचा हा जुनाच नियम. फिल्मवर एवढ्या केव्हीला हाडं फिकी पडायची, इथे कॉन्ट्रास्ट सॉफ्टवेअर सांभाळतं आणि दाणे वाढत नाहीत. डोस कमी करायला हे पॅनल खरंच साथ देतं. म्हणूनच ते विकणाऱ्यांनी डोस वाढवायला सांगावं याचा जास्त संताप येतो.

लाइटचा त्रास वेगळा. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की जुन्या मशीनचा केव्ही खाली येतो. फिल्म लगेच फिकी निघायची आणि आपण लाइन व्होल्टेजचा काटा बघायचो. आता इमेज तितक्याच उजेडाची येते, फक्त रवाळ दिसते. इथेही कोपऱ्यातला तो आकडाच खरं सांगतो: उणे दोन, उणे तीन. तो पाहिला की मी आधी काट्याकडे जातो, एमएएसच्या बटणाकडे नाही.

बाकी किरकोळ. पावसाळ्यात वायफाय रुसलं, पण इमेज पॅनलमध्ये साठून राहिली, एकही हरवली नाही. छातीच्या मणक्यांची लॅटरल कमी एमए आणि दोन-तीन सेकंद हळू श्वास चालू ठेवून घेतली की फासळ्या पुसट होतात आणि मणके उठून येतात. हे पॅनल लांब एक्सपोजर नीट झेलतं. वाकलेल्या पाठीच्या मुलींच्या इमेज मात्र पीएच घ्या, एपी नको. छातीला जाणारा डोस खूप कमी होतो आणि कॉब अँगल (पाठीचा बाक सांगणारा कोन) मोजायला काही फरक पडत नाही.

पॅनलला पाचपैकी चार देईन, कंपनीच्या सर्व्हिसला एक. घेणार असाल तर डेमो हाताच्या नाहीतर छातीच्या एक्स-रेवर मान्य करू नका, त्यात सगळीच पॅनल सुंदर दिसतात. तुमच्या मशीनवर, तुमच्या बकीत, अंगाने भरलेल्या पेशंटची डॉक्टरांनी सांगितलेली कमरेची लॅटरल त्यांच्या माणसासमोर घ्या, डीआय अधिक एकच्या आत ठेवून. लॅटरलचं लक्ष्य वेगळं बसवून द्यायचं आणि डीआय प्रिंटवर छापून यायला हवा, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. शेवटचा हप्ता तोपर्यंत अडवून ठेवा. आमच्या सरांनी तो आधीच देऊन टाकला होता, म्हणून आम्ही अजून पत्रं लिहितोय.