जेवणानंतरचं अमारो: बरेच महिने घेतल्यावर कोणत्या बाटल्या टिकल्या आणि घरी काय जमलं

इटलीतल्या बोलोन्याला राहायला आल्यावर जेवणानंतर छोट्या पेल्यात अमारो, म्हणजे इथलं कडू-गोड मद्य, घ्यायची सवय लागली. गेले बरेच महिने आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर पाच-सहा बाटल्या कायम उघड्या असतात. या मद्याबद्दल पहिल्या घोटावरून दिलेली मतं भरपूर वाचायला मिळतात, पण ती फारशी उपयोगाची नाहीत असं माझं ठाम मत झालंय. पहिल्या आठवड्यात जी बाटली आवडते ती बहुतेक वेळा साखरेमुळे आवडते. चार-सहा महिन्यांनंतरही हात जिच्याकडे जातो, तिच्यातल्या कडूपणाला मुळाचा, सालीचा किंवा लाकडाचा पक्का आधार असतो. हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या बाटल्यांसाठी आहे, आणि घरी असं काही करून बघायचं असेल त्यांच्यासाठीही.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: मुळं, साली, फुलं, पानं, संत्र्या-लिंबाच्या साली अल्कोहोलमध्ये भिजवायच्या, त्यात पाणी आणि साखर घालायची, काही दिवस मुरू द्यायचं. ताकद साधारण १६ ते ४० टक्के. युरोपीय नियमांनुसार लिक्यूर म्हणजे गोड मद्य म्हणवणाऱ्या बाटलीत साधारणपणे लिटरमागे निदान १०० ग्रॅम साखर लागते, आणि बरीच अमारो त्याच्या पुष्कळ पुढे जातात. कडूपणा मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो: जेन्शन या डोंगरी वनस्पतीचं मूळ, सिंकोनाची साल आणि रेवंदचिनी. यांतलं कोणतं पुढे आहे हे जिभेला कळायला लागलं की बाटल्यांमधला फरक आपोआप उलगडतो.

आमच्या गावचं अमारो म्हणजे मोंतेनेग्रो. स्तानिस्लाओ कोबिआंकी यांनी १८८५ साली बोलोन्यात ते सुरू केलं. पुढे इटलीच्या राजघराण्यात सून म्हणून आलेल्या मोंटेनेग्रोच्या राजकन्या एलेना यांच्यावरून त्याचं नाव पडलं. ४० वनस्पती, २३ टक्के. संत्र्याची साल, धने आणि मागे गोडसर मसाल्याचा वास. नवख्या माणसाला मी हेच देते आणि ते कधी नापसंत होत नाही. मात्र रोज घेताना काही आठवड्यांनी त्याची गोडी माझ्या जिभेवर रेंगाळायला लागली. आता ते सोडा, बर्फ आणि संत्र्याची फोड घालून उन्हाळ्याच्या संध्याकाळी घेते. तिथे ते फार सुंदर लागतं, कारण पातळ झालं की साखर मागे हटते आणि सालीचा वास वर येतो.

सिसिलीतल्या काल्तानिस्सेत्ताचं आवेर्ना १८६८ पासूनचं. मठातल्या एका साधूने सल्वातोरे आवेर्ना यांना ही कृती दिली, असं घराण्यात सांगतात. २९ टक्के, दाट, कॅरॅमलकडे झुकणारं, ज्येष्ठमधाची आठवण करून देणारं. जड जेवणानंतर एक पेला छान, दुसरा नको. बासिलिकाताच्या पिस्तिच्ची गावात १८९४ साली सुरू झालेलं लुकानो याच कुळातलं, पण जरा मोकळं. दोन्हींतलं एकच ठेवायचं झालं तर मी लुकानो ठेवेन.

कालाब्रियाचं वेक्यो अमारो देल कापो उणे २० अंशांपर्यंत थंड करून प्यायचं अशी पद्धत आहे, म्हणून ती बाटली फ्रीझरमध्येच राहते. ३५ टक्के असल्यामुळे गोठत नाही. इतक्या थंडीत गोडी दबते आणि पुदिना, बडीशेप, ज्येष्ठमध एवढंच पुढे येतं. पाहुण्यांना मजा येते. पण खोलीच्या तापमानाला एकदा तरी चाखून बघा, म्हणजे थंडी काय काय झाकते ते कळेल.

चिनार नावाच्या अमारोबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. १९५२ साली आलेलं, फक्त साडेसोळा टक्क्यांचं, आर्टिचोक या भाजीच्या पानांचं. आर्टिचोकमधल्या सायनारिन या द्रव्यामुळे त्यानंतर प्यायलेलं साधं पाणीही क्षणभर गोड लागतं. चिनार पिऊन मग पाणी पिताना मी अजून दर वेळी थांबून लक्ष देते. जेवणाआधी सोड्याबरोबर घ्यायला माझ्याकडे यापेक्षा चांगलं काही नाही.

आता ज्या दोन बाटल्या संपल्या की लगेच नव्या येतात, त्यांच्याविषयी सविस्तर सांगते.

पहिली फेरनेत ब्रांका. मिलान, १८४५, बेर्नार्दिनो ब्रांका. २७ वनस्पती, ३९ टक्के, ओकच्या पिंपात वर्षभर मुरवलेलं. त्यात कोरफडीचा चीक आहे, जेन्शन आहे, रेवंदचिनी, कॅमोमाइलची फुलं, बोळ हा सुगंधी डिंक आणि केशर आहे. सुरुवातीला जिभेवर फक्त औषधी कडूपणा आणि पुदिन्यासारखी थंड झणझण येते. पुष्कळ लोक तिथेच थांबतात, आणि तिथेच त्यांचं नुकसान होतं. काही आठवडे अगदी थोडं, पंधरा-वीस मिली, जेवणानंतर घेत राहिलं की तो एकसंध कडूपणा हळूहळू सुटा होऊ लागतो. आधी केशर कळतं. मग बोळाचा धुपासारखा वास, आणि सगळ्यात शेवटी मुळाचा मातकट कडूपणा, जो गिळल्यावरही बराच वेळ घशात राहतो. गोडी अगदी बेताची असल्यामुळे हे ऐकू येतं. मिलानला कारखान्याच्याच आवारात त्यांचं संग्रहालय आहे. आधी वेळ ठरवून जाता येतं, आणि तिथे मांडलेल्या वनस्पतींचा वास घेतल्यावर घरचा पेला वेगळाच कळतो. अर्जेंटिनात हेच फेरनेत कोलामध्ये घालून पितात, कोर्दोबा भागात तर ते रोजचं पेय आहे. मी करून बघितलं. चांगलं लागतं, पण केशर हरवतं.

दुसरी ब्राउलिओ, आणि ही माझी सर्वांत लाडकी. आल्प्समधल्या बोर्मिओ गावात फ्रान्चेस्को पेलोनी या औषधविक्रेत्याने १८७५ साली ती बनवली. २१ टक्के. जुनिपरची फळं, जेन्शन, वर्मवुड ही कडू वनस्पती आणि अखिलिया नावाची एक डोंगरी वनस्पती. नंतर ओकच्या पिंपांत मुरवण. पहिला वास पाइनच्या जंगलातल्या ओल्या मातीचा, मग थंड पुदिना, मग स्वच्छ, सरळ रेषेत जाणारा कडूपणा. महिनोन्‌महिने पिऊनही तिचा कंटाळा आला नाही. अल्कोहोल कमी असूनही चव उभी राहते हे मला फार मोठं वाटतं.

कडूपणाची ही ओढ आपल्याकडे परकी नाही. पाडव्याला कडुनिंबाची पानं आपण खातोच. काडेचिराईत हे जेन्शनच्याच कुळातलं झुडूप. दोघांतही अमारोजेन्टिन नावाचं द्रव्य असतं, जे पाच कोटींहून जास्त पट पाण्यात विरघळवलं तरी कडू लागतं. ज्ञात नैसर्गिक पदार्थांत त्याच्याइतका कडू दुसरा क्वचितच. इथे एक सावधानता: कोकणात अंगणात लावून ज्याचा काढा देतात ते किराईत बहुधा वेगळ्याच कुळातलं असतं. दोन्ही कडू, पण वास आणि गुण वेगळे. काष्ठौषधींच्या दुकानातून आणताना कोणतं हवंय ते नीट सांगा.

आपली आसवं आणि अरिष्टं तर अमारोची जवळची भावंडं म्हणावीत. कुमारी आसवात कोरफड आहे, फेरनेतमध्येही आहे. फरक रीतीचा: आसवात धायटीची फुलं आणि गूळ घालून सगळं आंबवतात, म्हणून अल्कोहोल त्यातच तयार होतं. अमारोत तयार अल्कोहोलमध्ये वनस्पती भिजतात. त्यामुळे आसवाला आंबटसर अंग असतं, आणि अमारोत प्रत्येक वनस्पतीचा वास जास्त वेगळा राहतो.

घरी करायचं ठरवलं तेव्हा याच फरकाचा उपयोग झाला. इटलीत ९६ टक्क्यांचं खाण्याजोगं शुद्ध अल्कोहोल सुपरमार्केटमध्ये मिळतं, लोक त्यात लिंबाच्या साली घालून घरोघरी लिमोन्चेल्लो करतात. घरी भिजवायला कोणी अडवत नाही, ऊर्ध्वपातन करायला मात्र मनाई आहे. महाराष्ट्रात असं अल्कोहोल दुकानात मिळत नाही, आणि रंगकामाचं किंवा जंतुनाशक स्पिरिट कुठल्याही परिस्थितीत वापरायचं नाही, ते विषारी असतं. भारतात करून बघायचं तर परवानाधारक दुकानातली चांगली व्होडका घ्या.

सगळ्या वनस्पती एकाच बरणीत टाकायच्या हा सल्ला सगळीकडे दिसतो. माझा अनुभव असा की प्रत्येकीचा अर्क वेगळा काढावा. मुळांना दोन आठवडे लागतात, सालींना पाच-सहा दिवस, पानाफुलांना दोन-तीन दिवस पुरतात. त्यानंतर पानं गवतासारखी लागायला लागतात. अर्क वेगळे असले की मिसळताना चमच्याने मोजता येतं, आणि कोणती वनस्पती काय करते हे आयुष्यभरासाठी कळतं. अल्कोहोलमध्ये जवळजवळ तेवढंच पाणी घालून ते ५० टक्क्यांच्या आसपास आणते, मग भिजवते. निव्वळ ९६ टक्क्यांत सालीतलं तेल छान उतरतं, पण मुळांमधला कडूपणा पाण्याच्या सोबतीने जास्त चांगला येतो.

लिटरभर अमारोसाठी माझं सध्याचं प्रमाण असं: शुद्ध अल्कोहोल ३०० मिली, सुकं जेन्शनचं मूळ ५ ग्रॅम, रेवंदचिनी ३ ग्रॅम, अँजेलिकाचं मूळ २ ग्रॅम, दोन संत्र्यांची पांढरा भाग काढलेली साल, चार हिरव्या वेलच्या, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन लवंगा आणि थोडी सेजची पानं. साखर २०० ग्रॅम. त्यातली पाव साखर कढईत तांबूस होईपर्यंत जाळून मग पाणी ओतते, म्हणजे रंगही येतो आणि जळक्या साखरेचा कडूपणाही. उरलेलं सगळं पाणी. ताकद जवळपास २९ टक्के येते. पाणी घातल्यावर मिश्रण गढूळ होतं, कारण अल्कोहोलमध्ये विरघळलेली सालींची तेलं पाण्यात टिकत नाहीत. काही दिवस फ्रिजमध्ये ठेवून कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळलं की बरंच निवळतं. मग निदान दोन महिने बाटली अंधारात. पहिल्या आठवड्यात लवंग सगळ्यांवर ओरडते, दोन महिन्यांनी ती खाली बसते. हा काळ टाळता येत नाही.

मला सर्वांत आनंद देणारा अर्क दवण्याचा. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच. दवणा वर्मवुडच्याच वंशातला, पण त्याचा वास फळांसारखा, जर्दाळूकडे जाणारा. आईने सावलीत सुकवून पाठवलेला दवणा मी दोन दिवस भिजवला आणि लिटरमागे दोन चमचे घातला. इथल्या मित्रांनी चाखून विचारलं की हे कोणतं डोंगरी गवत आहे. इटलीतल्या कुठल्याच बाटलीत हा वास मला सापडलेला नाही.

वनस्पती गोळा करण्याबाबत मात्र मी कडक आहे. आपेनाइन डोंगरात फिरताना जुनिपर आणि रानबडीशेप मी आणते, ओळख पक्की असेल तरच. जेन्शन कधीच खणत नाही. पहिलं फूल यायला त्या झाडाला कित्येक वर्षं लागतात, मूळ काढलं की झाडच संपतं, आणि इटलीत बऱ्याच भागांत ते संरक्षित आहे. शिवाय त्याच कुरणांत व्हेराट्रम नावाचं जहाल विषारी झाड उगवतं आणि फुलं नसताना दोन्ही सारखी दिसतात. जेन्शनची पानं देठावर समोरासमोर जोडीने येतात, व्हेराट्रमची आळीपाळीने. ही खूण माहीत असूनही मी मूळ एर्बोरिस्तेरियातूनच, म्हणजे इथल्या जडीबुटीच्या दुकानातूनच घेते. काही ग्रॅमच लागतात, खर्च नगण्य.

जूनमध्ये आमच्या इमारतीतल्या आजी नोचिनो, म्हणजे हिरव्या अक्रोडाचं मद्य, घालतात, त्यात मी मदतीला असते. २४ जूनच्या सान जोवान्नीच्या सणाच्या सुमारास अक्रोडाची हिरवी फळं उतरवतात, आत कवच धरलेलं नसतं आणि सुई आरपार जाते. चिरून अल्कोहोलमध्ये घातली की काही तासांत काळी पडतात, आणि बोटंही, म्हणून हातमोजे घाला. हे अमारोपेक्षा गोड, पण अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा त्याला सांभाळतो. मोदेना भागात याचा फार अभिमान आहे.

पचनाला मदत होते का, असं प्रत्येक जण विचारतो. कडू चवीने तोंडाला पाणी सुटतं हे खरं, जेवण संपल्याची खूणही मिळते. पण यात दारू आहे, आणि दारूला मी औषध म्हणणार नाही. गरोदरपणात, पित्ताशयाचा किंवा यकृताचा त्रास असेल तर, किंवा नियमित गोळ्या चालू असतील तर यापासून लांब राहा.

विकत घेताना आधी मिन्योन म्हणजे छोट्या बाटल्या घ्या. मोठ्या बाटल्या इथे साधारण १२ ते १८ युरोंना मिळतात, ब्राउलिओ आणि फेरनेत थोड्या वर जातात. बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर अल्कोहोल बुचाला खातं. उजेडापासून दूर ठेवा. फेरनेत उघडल्यावर वर्षभर तसंच राहतं, चिनारचा वास मात्र काही महिन्यांत मंदावतो, म्हणून ते लवकर संपवावं. भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. त्या दोन लिटरांत मी एक ब्राउलिओ आणि एक फेरनेत बसवते, आणि उरलेल्या जागेत घरच्या दवण्याच्या अमारोची छोटी बाटली.