अनोळखी एमएसआर: सरळ दुर्लक्ष करायचं की यूजरस्पेसकडे वळवायचं?

केव्हीएमवर (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) स्वतःचा व्हीएमएम, म्हणजे ती मशीन सांभाळणारा प्रोग्राम, लिहायला घेतला की, गेस्टने (आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने) केव्हीएमला अनोळखी असलेला एमएसआर, म्हणजे प्रोसेसरचं एखादं खास रजिस्टर, वाचल्यावर काय करायचं हे लवकरच ठरवावं लागतं. केव्हीएम एरवी गेस्टला जनरल प्रोटेक्शन फॉल्ट (‘हे चालणार नाही’ असा प्रोसेसरचा इशारा) देतं. ते परवडत नसेल तर वाटा दोन. एक, ‘इग्नोर एमएसआर्स’ हा केव्हीएमचा मोड्यूल पॅरामीटर (कर्नलमधलं एक सेटिंग) चालू करणं: वाचलं तर शून्य मिळतं, लिहिलेलं वाया जातं. दुसरी, लिनक्स ५.१० मध्ये (डिसेंबर २०२०) आलेली सोय वापरून असे एक्झिट (गेस्ट थांबून ताबा बाहेर येतो ते प्रसंग) यूजरस्पेसमधल्या, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या, आपल्या कोडकडे वळवणं.

पहिलीचं काम एका ओळीत होतं. विंडोज १० ची १८०३ आवृत्ती गेस्ट म्हणून चालवताना निळा एरर-स्क्रीन दाखवून बंद पडायची, तेव्हा याच ओळीने कितीतरी जणांची वेळ निभावली. दुसरीला कोड लिहावा लागतो आणि प्रत्येक एक्झिटला यूजरस्पेसचा हेलपाटा पडतो. त्यामुळे टीएससी डेडलाइनसारखं (टायमर पुढे कधी वाजायचा ते ठरवणारं) सतत लिहिलं जाणारं रजिस्टर तिकडे पाठवू नये. बूट होताना एखाददुसऱ्या वेळी वाचल्या जाणाऱ्या रजिस्टरांचं म्हणाल, तर मला तरी फरक जाणवला नाही. मोजून मात्र पाहिलेलं नाही.

पहिल्या वाटेवरून माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणाने. तो पॅरामीटर एका व्हीएमपुरता नसतो, होस्टवरच्या (मूळ यंत्रावरच्या) सगळ्यांना लागतो. आमच्या महापेच्या ऑफिसात होस्ट एकच, गेस्ट सगळ्यांचे. कुणीतरी आपल्या विंडोजसाठी तो चालू करून ठेवला आणि पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, “अरे, ह्या प्रोसेसरची तापमान-मर्यादा शून्य अंश दाखवतंय!” भर मे महिन्यात, महापेत. त्याचं टूल ही मर्यादा सांगणारा, हेक्समधला १ए२ क्रमांकाचा एमएसआर वाचत होतं. फॉल्ट आला असता तर ‘इथे हे रजिस्टर नाही’ असं समजून ते गुपचूप पुढे गेलं असतं. लिनक्स कर्नलही बऱ्याच ठिकाणी ‘सेफ’ (फॉल्ट आला तरी न कोसळणारं) वाचन करून फॉल्टवरूनच अंदाज घेतो. शून्य मिळालं की तो सुगावाच बुजतो, आणि चूक पुढे भलतीकडेच डोकं वर काढते.

त्यातून आणखी एक त्रास: हा पॅरामीटर चालू असेल तर अनोळखी रजिस्टरचा एक्झिट यूजरस्पेसपर्यंत पोचतच नाही. म्हणजे तुम्ही मेहनतीने लिहिलेला हँडलर नुसता बसून राहतो.

स्वतःच्या लॅपटॉपवर एकच गेस्ट चालवायचा असेल, तर पहिली वाट धरायला माझी ना नाही. होस्ट सामाईक असेल तर मी यूजरस्पेसच निवडेन. तिथे कोणत्या रजिस्टरला खरी किंमत द्यायची आणि कुणाला फॉल्ट, हे प्रत्येक व्हीएमसाठी वेगळं ठरवता येतं. शिवाय एक्झिटसोबत कारणही येतं: रजिस्टर अनोळखी होतं, किंमत अवैध होती की आपल्याच फिल्टरने (कोणती रजिस्टरं अडवायची याच्या आपण दिलेल्या यादीने) अडवलं. नुसतं तेवढं लॉग करत गेलात तरी गेस्टला नेमकं काय हवंय ते कळायला लागतं.