गोळीमागचा नंबर: अण्णांच्या टीबीचे सहा महिने

अण्णांना टीबी निघाला तेव्हा मी पुण्यात, ते आणि आई गावी. सहा महिन्यांचा कोर्स. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सगळी औषधं एकाच गोळीत एकत्र; वजन ४६ किलो, म्हणून रोज तशा तीन गोळ्या. पूर्वी आठवड्यातून तीनदा केंद्रावर जाऊन कुणासमोर तरी गिळाव्या लागायच्या. आता गोळ्या घरी देतात, आणि आमच्या गोळ्यांसोबत ९९डॉट्सचं पाकीट आलं.

पाकीट म्हणजे स्ट्रिपला गुंडाळलेला छापील पुठ्ठा. गोळी दाबून बाहेर काढली की मागे दडलेला नंबर दिसतो. टोल फ्री नंबर, बटणांच्या फोनवरूनही लागतो, पैसे पडत नाहीत. उद्याचा नंबर कोणता हे आधी कळत नाही, म्हणून गोळी काढल्याशिवाय फोन करता येत नाही. फोन गेला की केंद्रावर त्या दिवसाची नोंद. ॲप नाही, इंटरनेट नाही. डोकं चालवलंय खरं!

आता आमच्या घरची गंमत. अण्णांना मोतीबिंदू, त्यामुळे नंबर वाचायचं काम आईचं. घरात रेंज नाही, म्हणून रोज सकाळी दोघं गोठ्यापाशी. तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. फोन मात्र एकही चुकला नव्हता. मी सुट्टीला गेलो, आईने बंडी धुवायला काढली, तर खिशातून सहा गोळ्या निघाल्या. म्हणजे दोन दिवसांचं औषध. अण्णा म्हणतात, "फोन लावला की रोज!" त्या नंबराला गोळी स्ट्रिपमधून निघाली एवढंच कळतं, पोटात गेली की खिशात, ते नाही.

मी चिडलो, आरोग्य केंद्रावरच्या ताई चिडल्या नाहीत. डॉक्टरांना दाखवायला लावलं, उलटीवर गोळी मिळाली. पुढे एकदा रेंजमुळे फोन राहिला, तर अकरा वाजता ताईंचाच फोन: "अण्णा, आज विसरलात काय?" त्या दिवशी पारावर अण्णांनी चार जणांना सांगितलं, सरकारी ताई माझी चौकशी करतात म्हणून. बंडीच्या खिशात नंतर काही सापडलं नाही. माझ्या मते पुठ्ठ्याने अर्धं काम केलं, उरलेलं त्या फोनने.

पोषण आहाराचे तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळायचे (नोव्हेंबर २०२४पासून १००० झालेत). आमचे तीन महिन्यांचे एकदम आले, तोवर अंडी उधारीवर.

तुम्हीही लांब राहत असाल तर फोनच्या नोंदीवर विसंबू नका. ताईंनी मला एक प्रश्न शिकवला, तो मी रोज रात्री आईला विचारायचो: लघवी नारिंगी होते ना? गोळीतलं रिफाम्पिसिन हे औषध पोटात गेलं की होतेच.